झोपेतली ओली गादी

मघाशी चहाच्या वेळी एका काकूंनी विचारलं, "आमची कुत्री झोपेत गादीवर लघवी करते, मुद्दाम करते का हो?" तिथूनच सुरुवात करतो. नाही काकू. मुद्दाम करायला कुत्री जागी असावी लागते. तुमची झोपेतून उठते आणि खालची ओली चादर स्वतःच हुंगत बसते. तिला पत्ताच नसतो. तिला रागावून काय होणार? फार तर ती तुम्हाला बघून सोफ्याखाली जाईल.

मूत्रमार्गाचा स्नायू नळाच्या चकतीसारखा लघवी धरून ठेवतो. नसबंदीत अंडाशयं काढली की इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं आणि तो स्नायू हळूहळू सैल पडतो. जागेपणी निभावतं. आडवी झाली, मूत्राशय भरलं, की गळतं. बरं, हे टाके काढल्या काढल्या होतंच असं नाही. पुष्कळदा दोन-तीन वर्षांनी सुरू होतं. तोवर ऑपरेशन घरात कोणाच्या लक्षातही नसतं. 20 किलोंच्या पुढच्या कुत्र्यांत हे जास्त दिसतं. डोबरमन, बॉक्सर, रॉटवायलर. लठ्ठपणा त्यात भरच घालतो.

मग नसबंदीच नको? असं मी म्हणणार नाही. नसबंदी न झालेली, गर्भाशयात पू झालेली कुत्री रात्री दीडला टेबलावर घेतली की ओली गादी परवडली असं वाटतं.

पण ओलं दिसलं म्हणजे हेच, असंही धरू नका. पाणी मोजा. सकाळी भांड्यात मापून ओता, दुसऱ्या सकाळी उरलेलं वजा करा. किलोमागे 100 मिलीच्या वर जात असेल, तर मधुमेह, मूत्रपिंड, कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार) हे आधी तपासायचं. कुंथत थेंब थेंब करते, रक्त दिसतं, तर संसर्ग किंवा खडा. पिल्लू असल्यापासूनच गळत असेल, तर मूत्रवाहिनी, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयात येणारी नळी, भलतीकडे उघडत असू शकते. लघवीचा नमुना हवाच. स्वयंपाकघरातला एक जुना डाव काठीला बांधा आणि ती बसली की मागून सरकवा. शेजारी हसतील, हसू द्या. पाणी मात्र तोडू नका. गादी वाचवायच्या नादात तहानलेली कुत्री मी पाहिली आहे.

निदान पक्कं झालं की औषधं चांगली आहेत. फिनाइलप्रोपॅनोलामाइन तो स्नायू आवळतं. त्याने रक्तदाब वाढू शकतो, काहींना अस्वस्थता येते, म्हणून हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगा. दुसरं एस्ट्रिऑल, इस्ट्रोजेनचाच एक प्रकार: रोज सुरू करायचं, मग जेवढ्यात कोरडी राहते तेवढ्यावर आणायचं. या औषधांऐवजी घरातली सर्दीची गोळी मात्र देऊ नका, तिच्यातलं पॅरासिटामॉल कुत्र्याला घातक ठरू शकतं. गोळ्यांनी भागलं नाही तर शस्त्रक्रियाही आहे, पण तिथवर थोड्याच जातात.

रात्री झोपण्याआधी एक फेरी मारा. मागचे केस कापून ठेवा, कोमट पाण्याने धुऊन कोरडं करा, नाहीतर कातडी सोलवटते. डायपर लावलात तर वेळेवर बदला. आणि महिनाभर कोरडी राहिली म्हणून गोळी परस्पर बंद करू नका. बहुतेक जण करतात, आणि पुढच्याच आठवड्यात मला फोन येतो.