शीर तुटेल की काय?

नमस्कार श्रोतेहो. टाचेच्या वर, मागच्या बाजूला बोटांनी चाचपून बघा. जाड दोरीसारखं काहीतरी हाताला लागेल. ती कंडरा. बोलताना आपण तिला सरसकट 'शीर' म्हणतो, ते असो. पोटरीचा स्नायू ती टाचेच्या हाडाला बांधून ठेवते. खांद्यात, कोपरात, गुडघ्याखालीही अशा कंडरा असतात, आणि एकदा दुखायला लागल्या की महिनोन्‌महिने पिच्छा सोडत नाहीत.

यावरचा व्यायाम काही गुपित नाही. 1998 साली स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 12 आठवड्यांचा कार्यक्रम मांडला. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायची, दिवसातून तब्बल 180 वेळा, थोडं दुखलं तरी. पुढे याहून सोप्या पद्धतीही आल्या. सूत्र तेच, कंडरेवर हळूहळू भार वाढवायचा.

आता सांगा, जिला आपण फाटायला आलेली समजतो, तिच्यावर वजन टाकायला कोण धजावेल?

सोनोग्राफीच्या अहवालात 'झीज' हा शब्द वाचला की माणूस जिनासुद्धा कठडा धरून उतरतो. मग चालणं कमी होतं, पोटरी अशक्त होते आणि पूर्वी जे सहज जमायचं तेच दुखायला लागतं. खरं तर काहीही दुखत नसलेल्यांच्या खांद्यांतही असे बदल दिसतात, वय वाढेल तसे जास्तच. पण हे अहवालात कुणी लिहीत नाही.

आणि दोष फक्त अहवालाचा नाही. मी फिजिओथेरपिस्ट, पण सुरुवातीच्या काळात मीच एका बाईंना म्हणाले होते, "कंडरा पार झिजलीय हो, जपा." त्यांनी इतकं जपलं की फिरणंच सोडलं. व्यायामाचा कागद मी दिला होता, पण त्यांच्या लक्षात राहिलं ते 'जपा'.

आता मी आधी विचारते, "तुम्हाला काय वाटतं, आत काय झालं असेल?" उत्तर ऐकायला पाच मिनिटं जातात, ती वाया जात नाहीत. मग दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यायला सांगते. व्यायाम करताना पाचपर्यंत गेलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत निवळलं, तर बहुतेकांना चालतं. नाही निवळलं, तर भार कमी करू. असं ठरलं की दुखलं म्हणजे बिघडलं, ही धास्ती ओसरू लागते. मात्र कटकन आवाज येऊन चवड्यावर उभंच राहता येईना, तर गुण मोजत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.

एडवर्ड बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये उपचारातल्या नात्याचे तीन धागे सांगितले: ध्येयावर एकमत, करायच्या कामावर एकमत आणि आपुलकी. त्यांचा विषय मानसोपचार होता, पण फिजिओथेरपीतही हे लागू पडतं. आपुलकीवर आम्ही निभावून नेतो, घसरतो ते ध्येयावर. मला टाचेची ताकद वाढवायची असते आणि समोरच्याला नातवामागे पळायचं असतं. मग व्यायाम पळण्याशी जोडून दाखवावा लागतो. नुसत्या गोड बोलण्याने कंडरा बळकट होत नाही, भार द्यावाच लागतो.

नातं जमलंय की नाही, हे मला एका प्रश्नावरून कळतं. "आठवड्यात किती वेळा केलात व्यायाम?" पहिल्या भेटींत उत्तर असतं, "रोज केला, मॅडम." पुढे कधीतरी तोच माणूस हसून म्हणतो, "खरं सांगू? दोनदाच."