आयलेन नदीकाठचं स्किबरीन

नमस्कार मंडळी! आज जरा लांब जाऊया, आयर्लंडच्या पार खालच्या टोकाला. कॉर्क शहरापासून साधारण 80 किलोमीटरवर स्किबरीन म्हणून एक बाजाराचं गाव आहे, आयलेन नदी गावाला लागून वाहते आणि पुढे खाडी होऊन अटलांटिकला मिळते. या गावाचं नाव काढलं की लोक फक्त दुष्काळाबद्दल बोलतात, पण आजूबाजूची खेडी बघितल्याशिवाय हे गाव कळतच नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आता बाल्टिमोरचंच घ्या. स्किबरीनपासून 13 किलोमीटरवर, समुद्राला लागून, मासेमारीवर जगणारं गाव. 20 जून 1631 ला पहाटे तिथे अल्जीयर्सचे चाचे उतरले, लोक झोपेत होते, बायका-पोरांसकट शंभरावर माणसं उचलून नेली आणि गुलाम म्हणून विकली, त्यातली जेमतेम दोन-तीन परत आली म्हणतात. मग जे मागे उरले ते घाबरून नदीने वर, आतल्या बाजूला सरकले, आणि तिथून स्किबरीन वाढलं असं तिकडचे लोक सांगतात.

आता तो दुष्काळ. गरिबाचं सगळं पोट बटाट्यावर, तोही एकाच जातीच्या, लम्पर नावाच्या. 1845 ला करपा आला, 1846 ला तर अख्खं पीक शेतातच काळं पडून सडलं. आणि मला सगळ्यात जास्त चीड येते ती याची, की डिसेंबर 1846 मध्ये एका सरकारी अधिकाऱ्याने लिहून ठेवलंय की स्किबरीनचा बाजार मांस, ब्रेड, मासे सगळ्याने भरलेला होता! म्हणजे अन्न होतं हो, माणसाच्या हातात ते विकत घ्यायला पैसे नव्हते. त्याच महिन्यात कॉर्कच्या निकोलस कमिन्स नावाच्या मॅजिस्ट्रेटचं इथल्या उपासमारीबद्दलचं पत्र लंडनच्या टाइम्समध्ये छापून आलं, 1847 च्या सुरुवातीला जेम्स महोनी या चित्रकाराने इथे फिरून काढलेली चित्रं लंडनच्या साप्ताहिकात आली, आणि स्किबरीन जगाला माहीत झालं. शेजारच्या खेड्यांतही तेच हाल होते, पण त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत ना.

गावाबाहेर नदीच्या काठावरच अ‍ॅबीस्ट्रूरीचं कब्रस्तान आहे. तिथे 8 ते 10 हजार माणसं सामूहिक खड्ड्यांत पुरलीत, शवपेटी परवडेना म्हणून खालून उघडणारी पेटी वापरायचे, मृतदेह खड्ड्यात सोडायचा की तीच पेटी पुढच्याला. टॉम गेरिन नावाचं लहान पोर मेलं समजून तिथे टाकलं होतं, फावडं पायावर बसलं तेव्हा ते कण्हलं आणि वाचलं, पुढे म्हातारा होईपर्यंत लंगडत जगला तो. 1841 ते 1851 मध्ये या भागातली साधारण एक तृतीयांश माणसं कमी झाली, काही मेली, काही जहाजाने देश सोडून गेली.

या दुष्काळात बाप गमावलेला एक मुलगा म्हणजे जेरमाया ओ'डोनोव्हन रोसा, शेजारच्या रॉसकार्बरीचा. 1856 मध्ये त्याने स्किबरीनमध्येच फिनिक्स सोसायटी काढली, इंग्रजांविरुद्ध.

बरं, लॉख हाइन राहिलंच! गावापासून पाचेक किलोमीटरवर, बघायला तळं, पण पाणी खारं. समुद्राचं पाणी एका चिंचोळ्या, खडकाळ वाटेने आत येतं आणि त्या वाटेचा तळच उथळ असल्यामुळे भरती-ओहोटीचं गणितच बदलून जातं, पाणी आत यायला चारेक तास आणि बाहेर पडायला जवळजवळ दुप्पट वेळ. आतलं जीवन इतकं वेगळं की 1981 मध्ये आयर्लंडचं पहिलं सागरी राखीव क्षेत्र हेच झालं.

आणि आता आनंदाची गोष्ट, या आयलेनवरच 1970 पासून रोइंग क्लब आहे, एवढ्याशा गावाचा. जवळच्या लिशीनचे पॉल आणि गॅरी ओ'डोनोव्हन हे भाऊ 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये रौप्य घेऊन आले, रोइंगमधलं आयर्लंडचं पहिलंवहिलं पदक! मग पॉलने फिंटन मॅकार्थीबरोबर टोकियोत सुवर्ण मारलं आणि पॅरिसमध्ये 2024 ला परत मारलं. टोकियोत चौघींच्या बोटीने ब्राँझ आणलं, त्यातली एमिली हेगर्टी पण याच क्लबची.

चला, वेळ संपली. पुढच्या वेळी क्लिअर बेटावर जाऊ, बाल्टिमोरहून बोट मिळते आणि बेटावर आजही आयरिश बोलतात. भेटूच!