ज्यांना काहीच झालं नाही, त्यांनाही विचारा

नमस्कार श्रोतेहो.

वैशाखातलं लग्न. नागपूरचा पारा 45 ला टेकलेला. दुपारची पंगत उठते आणि संध्याकाळपर्यंत वऱ्हाडातल्या चाळीस-पन्नास माणसांना उलट्या सुरू होतात. तिकडे मेयो, मेडिकल या सरकारी दवाखान्यांत सलाईन लागतात; इकडे लॉनवर निकालही लागून जातो, "वांग्याची भाजी बाधली." आचाऱ्याला धारेवर धरतात, उरलंसुरलं फेकून गंज-पातेली घासून ठेवतात. खरं कारण सांगू शकलं असतं ते अन्न नालीत गेलेलं असतं. याची मला फार हळहळ वाटते.

तपास करणारे आधी वेळ विचारतात. जेवण किती वाजता झालं, पहिली उलटी किती वाजता? 1 ते 6 तासांत उलट्या सुरू झाल्या, तर संशय स्टॅफिलोकोकस जंतूच्या विषावर. हा जंतू माणसाच्या नाकात, बोटावरच्या पिकलेल्या जखमेत असतो. तिथून तो दुधाच्या पदार्थात उतरला आणि पातेलं तासन् तास बाहेर राहिलं, की विष तयार होतं. मग कितीही उकळी आणा. जंतू मरतात, विष तसंच राहतं. जुलाब 8 ते 16 तासांनी लागले आणि पोटात मुरडा आला, तर मोठ्या गंजात हळूहळू निवलेल्या मटणाकडे बघावं लागतं. सोबत ताप असेल, तर साल्मोनेला नावाच्या जंतूचा विचार होतो.

पण पदार्थ नेमका कोणता? समजा 120 जण जेवले, 50 आजारी पडले. पन्नासही जणांनी वांग्याची भाजी खाल्ली होती. झालं, भाजीच दोषी! पण ठणठणीत असलेल्या 70 जणांनीही तीच भाजी खाल्ली होती. आता बासुंदी बघा. ती खाणाऱ्या 80 जणांपैकी 48 आजारी. न खाणाऱ्या 40 पैकी फक्त 2. हा फरक दवाखान्यात कळत नाही. तो कळतो घरी आरामात बसलेल्या माणसांना विचारल्यावर.

2011 मध्ये जर्मनीत ई. कोलाय नावाच्या जंतूच्या साथीत 50 हून जास्त माणसं दगावली. सुरुवातीला दोष स्पेनच्या काकड्यांना दिला गेला, तिथल्या शेतकऱ्यांचं अतोनात नुकसान झालं. नंतर तपास करणाऱ्यांनी हॉटेलात एकत्र जेवलेले गट शोधले, आजारी आणि धडधाकट दोन्ही. कोणी काय मागवलं, त्यात स्वयंपाकघरात काय काय पडलं होतं, हे ताडून पाहिलं. माग निघाला मोड आलेल्या मेथीचा. सजावटीला चिमूटभर टाकलेले मोड खाणाऱ्यांच्या लक्षातही राहिले नव्हते. आपणही भाजी सांगतो, वरून भुरभुरलेला कच्चा सांबार, म्हणजे कोथिंबीर, सांगत नाही.

म्हणून असा प्रसंग आलाच, तर उरलेल्या प्रत्येक पदार्थातलं वाटीभर स्वच्छ डब्यात झाकून फ्रिजमध्ये ठेवा, कोणाला चाखू देऊ नका आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाला लगेच कळवा. त्यांचा फोन आला आणि तुम्ही ठणठणीत असाल, तर "आम्हाला काही झालं नाही" म्हणून ठेवून देऊ नका. काय खाल्लं ते सांगा, काय नाही खाल्लं तेही सांगा. स्वतःची बासुंदीची वाटी नातवाला दिली असेल, तर तेवढंही सांगा.