आजीचं इरकल काचेआड नको, स्क्रीनवर बघू

नमस्कार मंडळी! हे बघा, आमच्या आजीचं इरकली लुगडं, नऊवारी. बेळगावच्या शहापुरातल्या घरी ट्रंकेत पडून होतं, डांबरगोळ्यांचा वास अजून जात नाही.

म्युझियममध्ये ठेवलं तर? काचेआड, तेही अंधारात. जुन्या कापडावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू देत नाहीत. उजेडानं उडालेला रंग परत येत नाही की हो! त्यात काही महिन्यांनी कापड पुन्हा पेटीत. तुम्ही तिकीट काढून जाल तेव्हा ते बाहेर असेलच असं नाही.

म्हणून डिजिटल प्रदर्शन. २०१७ साली गूगलनं १८० हून अधिक संस्थांकडचे कपडे ‘वुई वेअर कल्चर’ नावानं ऑनलाइन मांडले. आपल्या बेंगळुरूच्या मॅप म्युझियमनं तर आधी डिसेंबर २०२० मध्ये ऑनलाइन दार उघडलं. इमारत २०२३ मध्ये.

खरी गंमत मात्र इथं आहे. थांबा, कॅमेरा जवळ नेते. अंग संपून पदर सुरू होतो ना, ती ही जागा. या लुगड्याच्या अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, सुती, पदराचा रेशमी. विणकरानं सुती ताण्याचा एकेक फासा रेशमाच्या फाशात अडकवलाय. हाच टोपपदर. काचेबाहेरून दिसेल का हे? आणि कसुती, म्हणजे लुगड्यावरचं हातानं केलेलं भरतकाम. त्यातला गवंती टाका उलटा-सुलटा सारखाच, पण टांगलेल्या लुगड्याची पाठ कोण बघणार? स्क्रीनवर झूम करा, पाठही बघा.

एक राग मात्र आहे. पुष्कळदा ऑनलाइन फोटोखाली नुसतं ‘लाल साडी, दक्षिण भारत’ लिहून मोकळे! आपल्याकडं मराठी माणूस पदर म्हणतो, कन्नड माणूस सेरगु. दोन्ही शब्द नाही लिहिले तर शोधणाऱ्या निम्म्या लोकांना ते सापडणारच नाही.

घरी करायचं असेल तर पांढऱ्या चादरीवर पसरा, खिडकीचा उजेड एका बाजूनं घ्या म्हणजे वीण उठून दिसते, कडेला फूटपट्टी ठेवा. पाठीचाही फोटो काढा. रेशीम घडीवर चिरतं, तेव्हा उलगडताना जपून.

आणि डाग पुसू नका, फोटोतसुद्धा. हा पिवळा डाग दिसतोय? हळदीचा. कुणाच्या लग्नातला, यावरनं आई आणि मावशी अजून भांडतात. दोघींचं म्हणणं रेकॉर्ड करून ठेवलंय, पुढच्या व्हिडिओत ऐकवते.