चाळलेल्या आकड्यांची मजबुती
(कोल्हापुरात पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेकजण शेती, पाणी किंवा सहकार या विषयांवर पाहणी करत आहेत आणि प्रबंधात ‘निष्कर्षाची मजबुती’, म्हणजे आकडे वा पद्धत थोडी बदलली तरी निष्कर्ष टिकतो का, असे एक प्रकरण लिहिण्याची वेळ प्रत्येकावर येणार आहे. त्या प्रकरणात एक पद्धत वारंवार दिसते: सांख्यिकीय दृष्ट्या सार्थक (म्हणजे निव्वळ योगायोगाने येणे अवघड) ठरलेली निरीक्षणे तेवढी ठेवायची, उरलेली वगळायची आणि या निवडक संचावरही निष्कर्ष कायम राहतो असे दाखवायचे. माझे स्पष्ट मत असे की ही चाचणी मजबुती तपासत नाही, ती मजबुतीचा आभास निर्माण करते.

उदाहरणासाठी काही काल्पनिक आकडे घेऊ. ठिबक सिंचनामुळे उसाचे एकरी उत्पादन खरोखर 2 टनांनी वाढते आणि आपण 100 गावांत ही वाढ मोजतो, असे समजा. प्रत्येक गावात मोजकेच प्लॉट मिळाल्याने गावनिहाय अंदाजाची प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाज योगायोगाने साधारण किती वर-खाली होऊ शकतो याचे माप, हीदेखील 2 टनच आहे. 5 टक्क्यांच्या पातळीवर सार्थक ठरायचे तर अंदाज शून्यापासून प्रमाण त्रुटीच्या 1.96 पट, म्हणजे सुमारे 3.9 टन दूर असावा लागतो. म्हणजेच ज्या गावाने नेमके 2 टन, अर्थात अगदी खरे उत्तर दिले, ते गाव या चाळणीतून बाद होते. टिकतात सरासरी 17 गावे, आणि त्यांची सरासरी वाढ निघते जवळजवळ 5 टन. आता यांतले कोणतेही एक गाव वगळा किंवा गावांचे दोन गट करा, उत्तर 5 टनांच्याच आसपास राहील, कारण लहान उत्तर देणाऱ्या गावांना आपण आधीच बाहेर काढले आहे. शेतकऱ्याला मात्र 2 टनांच्या जागी 5 टनांचा हिशेब मांडून कर्ज काढावे लागते, आणि म्हणून हा प्रश्न मला केवळ तांत्रिक वाटत नाही.

ठिबकचा काहीच परिणाम नसता, तरीही 100 पैकी सरासरी 5 गावे सार्थक ठरली असती. विसात एक ही मर्यादा संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1925 मध्ये सोयीची म्हणून सुचवली होती. निरीक्षण ठेवायचे की टाकायचे, हे ठरवण्याचा तो परवाना नव्हे. केवळ पी-मूल्य (परिणाम नसतानाही निदान इतका मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) एखाद्या रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, यावर वैज्ञानिक निष्कर्ष बेतू नयेत, असे अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशननेही 2016 च्या निवेदनात बजावले आहे.

मग गाळणी लावूच नये का? लावावी, पण तिचा निकष उत्तराकडे न पाहता ठरलेला असावा. प्रमाण त्रुटी फार मोठी असलेली गावे वगळणे, अथवा त्याहून बरे म्हणजे सर्व गावे ठेवून अचूक अंदाजांना जास्त भार देणे, हे समर्थनीय आहे. तिथेही सावध राहावे लागते. गगनबावड्यासारख्या डोंगरी तालुक्यातील गावांत प्लॉट कमी मिळाले आणि ती गळाली, तर उरलेले उत्तर शिरोळ, हातकणंगल्याच्या सपाट बागायतीपुरते राहते. तसे ते लिहिले पाहिजे. 2019 च्या महापुरात बुडालेल्या उसाचेही तेच. प्रश्न पूर नसलेल्या हंगामाचा असेल, तर ते प्लॉट वगळणे रास्त आहे, पण तो निर्णय उत्पादनाचे आकडे पाहण्यापूर्वी आणि ठिबक असलेल्या व नसलेल्या अशा दोन्ही प्लॉटना सारखाच लागू व्हायला हवा.

मजबुतीची खरी परीक्षा कशी असते, हे भारतीय संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पीक पाहण्यांतून शिकावे. एकाच क्षेत्रातून स्वतंत्र उपनमुने काढून ते वेगवेगळ्या पथकांकडे सोपवायचे आणि त्यांची उत्तरे शेजारी शेजारी ठेवायची, अशी ती रीत होती. उत्तरांतील तफावत तिथे लपवली जात नाही, तीच मोजली जाते. आपल्या प्रबंधातही प्रथम सर्व निरीक्षणांचा निकाल द्यावा, त्यानंतर प्रमाण त्रुटीची मर्यादा टप्प्याटप्प्याने बदलून प्रत्येक टप्प्यावरचा अंदाज आणि उरलेल्या गावांची संख्या एकाच तक्त्यात मांडावी, आणि वगळलेल्या गावांची यादी तालुक्यांसह परिशिष्टात जोडावी.