एका गोलाचं अंतर

[बर्फाचं मैदान, वरून. दिवे मंद. बँड वाजतो आहे.]

ग्रँड फोर्क्सच्या हॉकी स्टेडियममध्ये अमेरिकेचं राष्ट्रगीत कधीच सरळ संपत नाही. हजारो लोक उभे असतात, टोप्या काढलेल्या, हात छातीवर. गाणं शेवटच्या ओळीवर येतं. 'होम ऑफ द...' इथपर्यंत सगळं सुरात. आणि मग 'ब्रेव्ह' या शब्दाच्या जागी अख्खं स्टेडियम ओरडतं, 'सू!'

'फायटिंग सू' हे नॉर्थ डकोटा विद्यापीठाच्या संघाचं जुनं नाव. मूळनिवासी जमातीवरून घेतलेलं. बरीच वर्षं वाद चालला आणि २०१२ मध्ये ते टाकावं लागलं. कागदोपत्री संघ आता 'फायटिंग हॉक्स' आहे. पण नाव कागदावर बदलतं, घशात बदलत नाही. या प्रेक्षकांना एखादी गोष्ट सोडून द्या म्हणणं किती अवघड आहे, ते या एका आरोळीवरून कळेल. ही आरोळी लक्षात ठेवा, कारण आपली गोष्ट याच लोकांची आहे. आणि त्यांच्यापैकीच असलेल्या एका माणसाची, प्रशिक्षक ब्रॅड बेरींची.

ही ध्यानचंदांची हॉकी नव्हे. बर्फावरची. चेंडूऐवजी रबराची काळी चकती, तिला 'पक' म्हणतात. वीस वीस मिनिटांचे तीन डाव. कॅनडाच्या सीमेपासून तासा-दीड तासावर, साठ हजारांच्या आसपास वस्तीचं हे गाव. जानेवारीत पारा उणे वीसच्या खाली गेला तरी कुणी बातमी करत नाही. मोठ्या शहरांत असतात तसे व्यावसायिक संघ इथे नाहीत. त्यामुळे वीस-बावीस वर्षांच्या कॉलेजच्या पोरांचा संघ हाच गावाचा संघ.

[राल्फ एंगलस्टॅड अरीना. बाहेरून बर्फ, आत ग्रॅनाइट.]

आणि त्यांचं घर बघा. २००१ मध्ये उघडलेलं राल्फ एंगलस्टॅड अरीना. खर्च दहा कोटी डॉलरहून जास्त. साडेअकरा हजारांवर खुर्च्या, त्याही चामड्याच्या. जमिनीला ग्रॅनाइट. एंगलस्टॅड एकेकाळी याच संघाचा गोलकीपर होता, पुढे लास व्हेगासमध्ये कसिनो काढून गडगंज झाला. बांधकाम अर्ध्यावर असताना, डिसेंबर २००० मध्ये, त्याने पत्र लिहून धमकावलं होतं की संघाचं नाव बदलाल तर काम थांबवतो. मग इमारतीत जागोजागी त्या नावाचं चिन्ह बसवून घेतलं, हजारोंनी. उद्या कुणी काढायचं म्हटलं तरी काढता येऊ नये, असा बेत. देणगीदार असावा तर असा, की नसावा, ते तुम्ही ठरवा.

या छताखाली आठ राष्ट्रीय विजेतेपदांची नोंद आहे. १९५९, १९६३, १९८०, १९८२, १९८७, १९९७, २०००, २०१६. त्यातलं १९९७ चं मार्चअखेर मिळालं आणि तीन आठवड्यांत रेड नदीच्या पुराने गाव बुडवलं. जवळजवळ सगळं शहर रिकामं करावं लागलं, पुराच्या पाण्यात उभ्या असलेल्या बाजारपेठेतल्या इमारती आगीत जळाल्या. जुन्या माणसांना विचारा, कप आणि पूर एका श्वासात सांगतात.

आठवं विजेतेपद ब्रॅड बेरींचं. आणि मार्च २०२५ मध्ये नारळ मिळाला तोही ब्रॅड बेरींनाच.

[२०१६. टँपा. बर्फावर फेकलेले हातमोजे.]

बेरी बाहेरचे नव्हेत. कॅनडातल्या अल्बर्टातून आलेला हा मुलगा १९८३ ते ८६ याच संघातून खेळला. पुढे एनएचएल, म्हणजे व्यावसायिक हॉकी. मग परत इथेच सहायक प्रशिक्षक. २०१५ च्या मे महिन्यात मुख्य प्रशिक्षक डेव्ह हॅक्स्टॉल फिलाडेल्फियाच्या व्यावसायिक संघाकडे गेले आणि खुर्ची बेरींकडे आली.

हॅक्स्टॉल यांची कहाणी कळल्याशिवाय बेरींवरचा वाद कळणार नाही. हॅक्स्टॉल अकरा वर्षं होते. अकराही वर्षं संघ राष्ट्रीय स्पर्धेत पोचला. सात वेळा शेवटच्या चारांत, ज्याला तिकडे 'फ्रोझन फोर' म्हणतात. आणि विजेतेपदं? शून्य. २०१४ ची उपांत्य लढत, समोर शेजारचा मिनेसोटा. बरोबरी. मिनेसोटाचा एक खेळाडू शिक्षा भोगत बाहेर बसलेला, म्हणजे संधी नॉर्थ डकोटाची. आणि घड्याळात ०.६ सेकंद उरलेला असताना जस्टिन होलने गोल केला. मिनेसोटाकडून. सेकंदाच्या साठ टक्क्यांत हातातोंडाशी आलेला घास गेला. त्या रात्री बाकावर हॅक्स्टॉल यांच्या शेजारी बेरीही होते.

दोन वर्षांनी बेरींनी पहिल्याच हंगामात ते करून दाखवलं. ड्रेक कजूला, ब्रॉक बेसर, निक श्मॉल्ट्झ, या तिघांची आघाडीची फळी. आद्याक्षरांवरून लोक तिला 'सीबीएस' म्हणायचे, टीव्ही वाहिनीसारखं. ९ एप्रिल २०१६ ला क्विनिपियॅकला ५-१ असं लोळवलं. सोळा वर्षांचा उपास सुटला.

आणि वादाचं बी तिथेच पडलं. संघ कुणाचा? पोरं हॅक्स्टॉल यांनी निवडलेली, घडवलेली. बेरींनी काय केलं? आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या. असं तेव्हा कुणी मोठ्याने म्हटलं नाही, विजयाच्या मिरवणुकीत कोण म्हणेल? पण पुढे एकेक हंगाम रिकामा जाऊ लागला तसं कुजबुजणं वाढलं. दुसरी बाजू म्हणायची, हॅक्स्टॉल यांच्याकडे अकरा वर्षं अशीच पोरं होती, मग त्यांना का नाही जमलं? पिठावर रेघोट्या ओढायलाही हात लागतो. मला विचाराल तर दोघांचंही खरं आहे.

[स्कोअरबोर्ड. आकडे बदलत जातात.]

इथे थोडं गणित. पुरुषांच्या पहिल्या श्रेणीत साठच्या वर संघ. त्यातले सोळा राष्ट्रीय स्पर्धेत जातात. साखळीत पाच-सहा महिने खेळायचं आणि मग थेट बाद फेरी. एक सामना, हरलात की बॅगा भरा. व्यावसायिक हॉकीत सातांत चार जिंकायचे असतात, चूक सुधारायला जागा असते. इथे एक वाईट उसळी आणि वर्ष संपलं.

बेरींच्या संघाने साखळीतला पेनरोझ कप पाच वेळा जिंकला. २०१६, २०२०, २०२१, २०२२, २०२४. देशातल्या सगळ्यात अवघड साखळींपैकी ही एक. म्हणजे माणसाला प्रशिक्षण येत नाही, असं म्हणायची सोय नाही. पण २०१६ नंतर राष्ट्रीय स्पर्धेत विजय किती? एक. फक्त एक, २०२१ मध्ये, अमेरिकन इंटरनॅशनल या तुलनेने छोट्या कॉलेजविरुद्ध.

आणि पराभव चार. चारही एका गोलाने. २०१७, बॉस्टन विद्यापीठ, ४-३. २०२१, मिनेसोटा डुलुथ, ३-२. २०२२, नोत्र दाम, २-१. २०२४, मिशिगन, ४-३. यातले पहिले तीन जादा वेळेत.

२०१७ चा सामना फार्गोत होता, घरापासून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर, प्रेक्षक सगळे आपले. जादा वेळेत नॉर्थ डकोटाने गोल केला. पोरं एकमेकांवर पडली, सामना संपला असं सगळ्यांना वाटलं. मग पंच चित्रफीत बघायला गेले. ऑफसाइड. चकतीच्या आधी एक खेळाडू निळी रेघ ओलांडून गेला होता. गोल रद्द. दुसऱ्या जादा डावात चार्ली मॅकअव्हॉयने बॉस्टनसाठी मारला, तो मात्र टिकला.

[२७ मार्च २०२१. पुन्हा फार्गो. प्रेक्षक विरळ, तोंडाला मास्क.]

चार वर्षांनी तेच गाव. आदल्या वर्षी, २०२० मध्ये, नॉर्थ डकोटा देशातल्या अव्वल संघांपैकी एक होता. स्पर्धेच्या तोंडावर करोना आला आणि स्पर्धाच रद्द झाली. ती जखम ओली होती. दोन मिनिटांहून कमी वेळ उरला तेव्हा डुलुथ २-० पुढे. लोक उठायला लागले. आणि मिनिटभरात दोन गोल. बरोबरी!

मग सुरू झाला तो सामना, ज्याला या स्पर्धेच्या इतिहासात तोड नाही. पहिला जादा डाव. डुलुथने गोल केला, पंच चित्रफीत बघायला गेले, ऑफसाइड, रद्द. २०१७ चं उसनं जणू परत मिळालं. दुसरा डाव. तिसरा. खेळाडूंना डावाडावांच्या मध्ये जे हाताला येईल ते खाऊ घालत होते. चौथा. डुलुथच्या गोलकीपरच्या पायात गोळे यायला लागले, शेवटी त्याला बाहेर काढून दुसरा आणावा लागला. पन्नासावर फटके अडवलेला तो मुलगा बर्फावरून उतरला तेव्हा नॉर्थ डकोटाच्या बाकावर काय आशा पालवली असेल. थंड अंगाने आलेला नवा गोलकीपर, एक फटका पुरे.

तो फटका आला, पण दुसऱ्या टोकाला. पाचव्या जादा डावात, दोन मिनिटं तेरा सेकंदांनी, ल्यूक मायलिमोक नावाच्या पहिल्या वर्षाच्या पोराने. मध्यरात्र उलटून गेली होती. एकूण खेळ १४२ मिनिटं १३ सेकंद. दोन पूर्ण सामन्यांहून जास्त.

आता सांगा, यात प्रशिक्षकाने काय करायचं होतं?

बेरींचे पाठीराखे नेमकं इथेच बोट ठेवतात. चार उसळ्या. यातल्या दोन इकडे पडल्या असत्या तर आज त्यांच्या नावाचा रस्ता असता. आणि २०२० चा जो संघ खेळलाच नाही, तो कुणाच्या खात्यात मांडायचा?

विरोधकांचं उत्तर रोखठोक आहे. एका गोलाचं दुःख सांगायला आधी स्पर्धेत पोचावं लागतं. २०१८, नाही. २०१९, नाही. २०२३, नाही. २०२५, नाही. रद्द झालेली सोडली तर नऊ स्पर्धा, त्यातल्या चारांत संघ घरीच. तेही चामड्याच्या खुर्च्या असलेल्या घरी. देशात सर्वाधिक प्रेक्षक खेचणारा, पैशाला कमी नसलेला संघ. हॅक्स्टॉल यांच्या काळात मार्च म्हणजे कुठल्या शहरात जायचं एवढाच प्रश्न असायचा. बेरींच्या काळात, जायचं की नाही, हा प्रश्न झाला.

[वर्तमानपत्राचं कात्रण. कॉफीचे कप.]

२०२४-२५ चा हंगाम असाच. २१ विजय, १५ पराभव, २ बरोबरीत. वाईट नाही. दुसऱ्या एखाद्या कॉलेजने सत्कार केला असता. सेंट पॉलला साखळीच्या बाद फेरीत वेस्टर्न मिशिगनकडून हरले आणि संपलं. मार्च महिना सरायच्या आत बेरींना पदावरून दूर केल्याची बातमी आली. दहा हंगाम, आणि एक राष्ट्रीय कप.

गंमत अशी की ज्या वेस्टर्न मिशिगनने त्यांना हरवलं, तोच संघ पुढे एप्रिलमध्ये बॉस्टनला ६-२ हरवून राष्ट्रीय विजेता झाला, इतिहासात पहिल्यांदाच. पाठीराखे म्हणाले, बघा, विजेत्याकडून हरलो, यात लाज कसली? विरोधक म्हणाले, बघा, ज्यांच्याकडे एकही कप नव्हता ते पुढे गेले, आणि आठ कपवाले टीव्हीवर बघत बसले. एकच बातमी, दोन्ही चुलींना सरपण.

या भांडणात एक गोष्ट मागे पडते. कॉलेज हॉकी पायाखालून बदलत होती. खेळाडू आता दरवर्षी संघ बदलू शकतात. त्यांना नावाचे, जाहिरातीचे पैसे मिळू शकतात. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ठरलं की कॅनडाच्या ज्युनिअर लीगमध्ये खेळलेली पोरंही पुढच्या हंगामापासून अमेरिकेतल्या कॉलेजांत खेळू शकतील. वर्षानुवर्षं बंद असलेलं दार उघडलं. सोळा वर्षांच्या पोराला हेरून चार वर्षं घडवायचं, हे जुनं गणित मोडलं. नव्या बाजारात दुकान कोण मांडणार, असा प्रश्न विद्यापीठापुढे होता. माझं मत विचाराल तर बेरींची विकेट त्या चार गोलांनी काढली नाही. चार वर्षं संघ स्पर्धेतच नव्हता, तिथे ती गेली. पण लोकांना आठवतात ते गोल. अनुपस्थितीची चित्रफीत नसते.

[सराव. शिट्टी. बर्फावर ब्लेडची खरखर.]

नवा माणूस कोण, यावर तर आणखी घमासान. बाहेरून कुणी खमक्या आणा, घरच्यांची पुरे झाली, असा एक सूर होता. कारण बेरी घरचे, हॅक्स्टॉल घरचे. दोघंही जीनो गॅस्परिनींच्या हाताखाली इथे खेळलेले. त्या गॅस्परिनींनी तीन कप आणले होते, तरी १९९४ मध्ये वाईट हंगामांनंतर त्यांनाही जावं लागलं होतं. म्हणजे हे गाव कुणाचं ऋण फार काळ ठेवत नाही.

विद्यापीठाने निवडलं डेन जॅक्सन यांना. पुन्हा घरचे! पुन्हा गॅस्परिनींचे खेळाडू. २००६ पासून सहायक, म्हणजे हॅक्स्टॉल यांच्या बाकावरही तेच आणि बेरींच्या बाकावरही तेच. ०.६ सेकंदाला तिथे होते, पाचव्या जादा डावालाही. ज्यांना सगळं बदलून हवं होतं, त्यांनी कपाळाला हात लावला. ज्यांनी या माणसाला एकोणीस वर्षं बर्फाच्या कडेला उभं पाहिलं होतं, ते म्हणाले, याची पाळी आली एकदाची.

जॅक्सन यांना एक ओझं असं मिळालं की ज्याची चर्चा फारशी झाली नाही. हॅक्स्टॉल पहिल्या वर्षी थेट अंतिम सामन्यात पोचले होते, २००५ मध्ये. बेरींनी पहिल्याच वर्षी कप आणला. ग्रँड फोर्क्सला पहिल्या वर्षाची वाईट सवय लागली होती.

[दिवे पूर्ण. बँड. प्रेक्षक उभे राहतात, टोप्या उतरतात.]