उजव्या हाताची दिशा

[दृश्य: देवळात प्रदक्षिणा घालणारी माणसं]

प्रदक्षिणा घालताना देव कायम आपल्या उजव्या हाताला राहतो. नावातच ते आलंय: संस्कृतात 'दक्षिण' म्हणजे उजवा. मग हाच शब्द दिशेला कसा चिकटला? पहाटे सूर्याकडे तोंड करून उभं राहिलं की कळतं. समोर पूर्व, आणि 'पूर्व' म्हणजे मुळात पुढचा. पाठीमागे पश्चिम. उजवा हात पसरला की दक्षिण. डाव्या हाताच्या दिशेला मात्र डाव्याचं नाव मिळालं नाही. 'उत्तर' म्हणजे अधिक वरचा.

आपलं दख्खन याच उजव्या हाताचं. दक्षिण, प्राकृतात दक्खिण, मग दख्खन.

[दृश्य: युरोप आणि आशियाचा नकाशा]

पण शब्दाचं मूळ भारताच्या बरंच बाहेर जातं. लॅटिनमध्ये 'डेक्स्टर', ग्रीकमध्ये 'डेक्सिओस', लिथुआनियनमध्ये 'देशिने'. सगळ्यांचा अर्थ उजवा. हे शब्द शेजारी शेजारी ठेवून भाषाशास्त्रज्ञ आद्य इंडो-युरोपीय भाषेतल्या 'देक्स' अशा धातूपर्यंत पोचतात. ही भाषा कुणी लिहून ठेवलेली नाही. तिचं रूप लेकी-नातींवरूनच बांधावं लागतं.

आता थेट आयर्लंडला जाऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. आयरिश भाषेत 'देस' म्हणजे उजवा, आणि दक्षिणही! नैऋत्येला मन्स्टर नावाचा जुना प्रांत आहे. त्याचा दक्षिण भाग डेस्मंड, म्हणजे 'देस' अधिक मन्स्टर. उत्तर भाग थॉमंड. त्यातल्या 'तुआ'चा अर्थ आधी डावा, मग उत्तर. पूर्वेकडचा भाग ऑर्मंड, म्हणजे पुढचा मन्स्टर. वसई-वांद्र्याकडे डेस्मंड नावाचं कुणी भेटलं, तर त्या नावात आपल्या 'दक्षिण'चा सख्खा नातलग बसलाय. तिथे शुभ म्हणून उजव्या अंगाने फेरी घालायचीही रीत होती. तिचं नाव 'देशल', त्यातही तोच धातू.

म्हणजे चारही दिशांची नावं त्या आद्य भाषेतूनच आली का? मला तसं वाटत नाही. लॅटिनमध्ये 'डेक्स्टर' उजवाच राहिला, दक्षिण झाला नाही. उलट अरबी भाषा या कुळातली नाही, तरी येमेन हे नाव उजव्यावरून आलं आणि सीरियाचं 'शाम' डाव्यावरून. पूर्वेकडे तोंड करणारी माणसं अनेक होती. वारसा मिळाला तो शब्दांचा; दिशा ज्याने त्याने आपापल्या बांधल्या.

इंग्रजीचंच घ्या. 'ईस्ट' आला पहाटेच्या धातूवरून. आपली उषा आणि रोमची ऑरोरा त्याच घरातल्या. 'नॉर्थ'चं नातं मात्र इटलीतल्या प्राचीन उंब्रियन भाषेतल्या 'नेर्त्रु'शी, म्हणजे डाव्याशी, जोडलं जातं.

[दृश्य: इराणचं पठार]

आणि सगळ्यात बोलका पुरावा इराणचा. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलात 'प्राक्, अपाक्, उदक्' असे शब्द ओळीने येतात: पुढे, मागे, वर. म्हणजेच पूर्व, पश्चिम, उत्तर. अवेस्ता म्हणजे पारशांचा धर्मग्रंथ; त्याची भाषा वेदभाषेची सख्खी बहीण. तिच्यातही 'अपाक्'चा भाऊ 'अपाख्तर' आहे, पाठीमागचा याच अर्थाने; पण तिथे तो उत्तर दाखवतो. पाठ उत्तरेला, म्हणजे तोंड दक्षिणेकडे. अवेस्तात दुष्ट शक्ती येतात त्या उत्तरेकडूनच. पुढे फारसीत हाच शब्द 'बाख्तर' झाला, आणि आज त्याचा अर्थ आहे पश्चिम.